कुल्फीच्या मटक्यातलं झाड

आमच्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत होतं, की केंद्रातल्या पांढऱ्या पेटीत आइस्क्रीम आहे आणि मी ते घरी आणत नाही. पेटी दिसायलाही तशीच होती. आदिलाबादच्या आइस्क्रीमच्या दुकानात असते तशी, वरून झाकण उघडणारी. मी किती वेळा सांगितलं, की तिच्यात पानं आहेत. त्या म्हणायच्या, "पानं कोणी बर्फात ठेवते काय वं? मले येडी समजते."

गुडीहत्नूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा एक लहानसं संशोधन केंद्र होतं. माझे मालक तिथे वॉचमन होते आणि मी झाडलोट करायची. मागेच आमची वस्ती. अर्धी मराठी, अर्धी तेलुगू, आणि भांडण झालं की सगळेच हिंदी बोलायचे.

केंद्रात एक मॅडम होत्या, समुद्राकडच्या जिल्ह्यातल्या, तेलुगू बोलणाऱ्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्या आपट्याच्या झाडांचा अभ्यास करायच्या. काही आपट्यांची पानं किडे खाऊन चाळणी करतात आणि काहींना तोंडही लावत नाहीत, तर असं का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी त्या रानात हिंडून कोवळी पानं तोडायच्या, चकचकीत कागदात गुंडाळायच्या आणि बर्फ भरलेल्या निळ्या डब्यात घालून केंद्रावर आणायच्या. मग ती पुडी पांढऱ्या पेटीत. मॅडम मला सांगायच्या, की पान गोठलं म्हणजे त्याच्या आतलं सगळं जिथल्या तिथे थांबतं. पुढे कधीही काढून त्याला विचारता येतं. बाहेर राहिलं तर ते काळं पडतं, मग काही सांगत नाही.

मॅडमचा माझ्यावर जीव होता, कारण मी बोलत नसे. "अम्मा, तुम और मेरा फ्रीजर, दोनों अच्छे. चुपचाप काम करते," असं म्हणायच्या. खरं तर मी चुपचाप नव्हते, मला लाज वाटायची. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून चारचौघांत माझा आवाजच निघत नसे. किराणा दुकानात मी बोटाने वस्तू दाखवायची. एकदा गूळ दाखवला तर दुकानदाराने शेजारचा साबण दिला, आणि मी तो घेऊन घरी आले. सासूबाई म्हणाल्या, "हिच्यापेक्षा पाटा आणला असता त बरं झालं असतं. निदान चटणी वाटली असती." त्या दिवशी चहा गुळाशिवाय झाला, पण सगळ्यांच्या आंघोळी चांगल्या झाल्या.

रस्त्याच्या वळणावर आपट्याचं एक झाड होतं. त्याच्या आजूबाजूच्या झाडांची पानं अळ्यांनी कुरतडलेली असत, पण ह्याच्या एकाही पानाला भोक नसे. मॅडम त्या झाडाखाली उभ्या राहून असं बघायच्या, जसं आपण नवीन जावयाकडे बघतो. मग रस्ता रुंद झाला. मॅडम सुट्टीवरून परतल्या तेव्हा झाड नव्हतं, बुंधाही नव्हता, वर डांबर होतं. त्यांनी शेंगा शोधल्या, फुटवा शोधला, काही मिळालं नाही. त्या झाडाची बाकीची पानं तपासण्यात संपली होती. पेटीत एकच पुडी उरली होती. मॅडमनी तिला लाल दोरा बांधला आणि पेटीच्या झाकणावर हात ठेवून मला म्हणाल्या, "अम्मा, वो पेड़ अब सिर्फ इसके अंदर है." त्या दिवसापासून मी झाकण पुसताना जरा हळूच पुसायची.

आता दसऱ्याची गोष्ट.

माझ्या मालकांना सोनं वाटायची फार हौस. दुसरे लोक चार घरी सोनं देऊन येतात, हे मात्र सगळ्या वस्तीला देत, तेलुगू लोकांनाही. ते लोक शमीचं पान देतात, आपण आपट्याचं. दोघांचंही सोनंच, त्यामुळे कोणाला अडचण नसे. पण त्या वर्षी रस्त्याकडेचे आपटे गेले होते आणि रानात शिरलं की जंगलवाला उभा. मालक सकाळी पिशवी घेऊन निघाले आणि दुपारी भोकं पडलेली मूठभर पानं घेऊन आले. तोंड असं, की घरात कोणी वारलं. जेवलेसुद्धा नाहीत. दिवस मावळायच्या सुमारास अचानक उठले आणि कुठेतरी गेले. परत आले तेव्हा शीळ वाजवत होते. मी विचारलं नाही. मी तशीही विचारत नसे.

संध्याकाळी शेजारीण कुंकू लावून सोनं द्यायला आली. "घ्या वहिनी, सोनं घ्या." मी हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. सोनं बर्फासारखं गार होतं. बघते तर चकचकीत कागदाची पुडी, वर मॅडमच्या हाताने काळ्या शाईत लिहिलेला आकडा.

"यंदा पॉकीटवालं सोनं हाय," शेजारीण कौतुकाने म्हणाली. "तुमच्याच मालकानं देल्लं. किती थंडगार! आमच्या सासऱ्यानं त डोळ्याले लावलं."

मी मालकांना हाताला धरून घरात नेलं. तेच बिचारे घाबरले, कारण मी कधी त्यांना हाताला धरलं नव्हतं.

"पेटी उघडली तुमी?"

"हो. चाबी हाय ना माझ्याकडं, जनरेटरसाठी देल्लेली."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? मॅडमनं उन्हाळ्यापासून आपट्याचं पान जमा करून ठेवलं. दसऱ्यासाठी नाई त मंग कायले? आपट्याचं पान कोणी खाते का? भाजी करते का? सणाले बाई घरी गेली, न्यायची इसरली. मी एकच कप्पा रिकामा केला. बाकीचं पुढच्या दसऱ्याले ठेवलं, तिची मेहनत हाय म्हणून."

खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात मला चूक सापडेना. आपटा माणसाच्या कोणत्या कामाचा, तर ह्याच एका दिवसाच्या.

"लाल दोरावाली?"

"होती एक. लय झाक होती. कोणाले तरी मानानं देल्ली." कोणाला, ते त्यांना आठवेना. त्यांनी डोकं खाजवलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी बघून स्वतःच रडकुंडीला आले. त्या पुडीत एक अख्खं झाड आहे, ते परत कुठेच मिळणार नाही, आणि पान नरम पडलं की संपलं, हे मी त्यांना सांगितलं. मी एका दमात एवढं बोलले हे ऐकूनच त्यांना प्रकरण मोठं असल्याचं कळलं. केंद्र आणि पेटी उघडून देऊन ते तेलुगू गल्लीकडे धावले. मी केंद्रातून निळा डबा आणला, पेटीतला बर्फ खरवडून त्यात भरला आणि मराठी गल्लीकडे निघाले.

सासूबाई वाटेत आडव्या आल्या. "सोनं वापस मांगाले चालली? दसऱ्याच्या दिवशी? लक्ष्मीले धक्के मारून बाहेर काढते काय?" असं म्हणाल्या आणि चप्पल घालून माझ्यासोबत आल्या. एवढं मोठं लाजिरवाणं काम वस्तीत होणार आणि आपण घरी बसणार, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

पहिल्या घराशी गेले, तर घरातली बाई निळा डबा बघताच आत पळाली आणि झोपलेलं लेकरू उचलून घेऊन आली. पोलिओचे थेंब पाजायला येतात त्यांचा डबा अगदी असाच असे. तिने लेकराचं तोंड दाबून उघडलं. "पाजा पटकन, मंग हे उठते." लेकरू उठलंच. ते रडायला लागलं तशी शेजारपाजारच्या बायका आपापली लेकरं घेऊन आल्या. मी मान हलवून नाही नाही म्हणत होते. एक म्हणाली, "नाई कशी? मागच्या खेपेलेही आमची गल्ली सोडली!" सासूबाई मधे पडल्या. "थेंब नाई वं! सोनं मांगाले आली ही. वाटलेलं वापस पाह्यजे हिले." एवढं ऐकून सगळ्या जणी माझ्याकडे अशा बघू लागल्या, की थेंब नसल्याचं मला फार वाईट वाटलं. डब्यात असते तर मी सगळ्यांना पाजले असते.

त्यात आणखी घोटाळा असा, की सोनं एका घरात थांबत नाही. आलेलं सोनं लोक पुढच्या घरी देतात. त्यामुळे पुड्या गल्लीभर फिरत होत्या. एका घरी गेलं की ते म्हणत, पलीकडे दिलं. पलीकडे गेलं की ते म्हणत, आत्ताच अलीकडे पाठवलं. एका म्हाताऱ्याने पुडी सोडून पान देवापुढे ठेवलं होतं. ते वितळून काळं आणि लिबलिबीत झालं होतं. म्हातारा देव्हाऱ्यासमोर हात जोडून बसला होता. "माझ्या घरात सोनं काळं पडलं. काय पाप झालं माझ्या हातून?" असं विचारत होता. त्याची सून म्हणाली, "आता सांगा. सगळ्याईसमोर सांगून टाका." त्याला शांत करायला वेळ नव्हता. काळं पान डब्यात टाकून मी पुढे गेले. तो नेमकं काय सांगणार होता ते ऐकायला सासूबाई मागे रेंगाळल्या.

कोपऱ्यावरच्या घरी एक आजी ओट्यावर पाय पसरून बसली होती. तिने पुड्या फडक्यात घालून गुडघ्याला बांधल्या होत्या.

"लय बरं वाटून राह्यलं," ती म्हणाली. "सरकारनं पहिल्यांदा कामाची वस्तू वाटली."

मी फडक्याकडे बोट दाखवलं.

"उद्या देतो. आज पाय मोकळा होऊन राह्यला."

डब्याच्या कडीला एक लाल चिंधी बांधलेली होती, मी ती दाखवली, मग फडक्याकडे बोट केलं. आजी हुशार होती. "लाल दोरावाली? ते नाई माझ्यापाशी. मले वाटलं, दोरा हाय म्हंजे मानाची असंन. तुझ्या भैंशाचा कुल्फीवाला आला होता सोनं द्याले, त्याले देऊन टाकली."

भैंशा म्हणजे माझं माहेरगाव. कुल्फीवाले तिथलेच, म्हणून मी त्यांना मामा म्हणायची, म्हणजे मनात म्हणायची. लहानपणी त्यांची गाडी आमच्या घरावरून जायची तेव्हाही मी बोटच दाखवायची. ह्या वेळी ते रावण जाळायच्या मैदानावर असणार. मैदानावर म्हणजे सगळ्या वस्तीसमोर, सगळ्या गावासमोर, आजूबाजूच्या खेड्यांसमोर. सासूबाई आता म्हाताऱ्याकडे रमल्या होत्या. मला एकटीलाच जावं लागलं.

मामांची गाडी गर्दीच्या मधोमध होती. लाल फडक्यात गुंडाळलेला मोठा मटका, आत बर्फ आणि जाडं मीठ, त्यात कुल्फीचे साचे खोचलेले. भोवती गिऱ्हाईक. मी कशीबशी पुढे घुसले आणि मटक्याकडे बोट दाखवलं.

मामांनी मला ओळखलं. "ये माय, ये." त्यांनी साचा हातात चोळून कुल्फी काढली आणि मला दिली.

मी मान हलवली आणि पुन्हा बोट दाखवलं.

"मलाईची पाह्यजे? बरं." त्यांनी दुसरी दिली. आता एका हातात डबा आणि एका हातात दोन कुल्फ्या. मी हनुवटीने मटका दाखवला.

"आणखी? घरच्याईसाठी? घे, सणाचं हाय." तिसरी त्यांनी पहिल्या दोघींमध्ये खोचली. कुल्फी माझ्या कोपरापर्यंत ओघळत होती. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ बाई, सगळा मटकाच घेऊन जा ना घरी!" लोक हसले. माझे कान तापले. मला वाटलं, उठून पळून जावं. उठायला मी बसलेली नव्हते, तरी तसंच वाटलं.

तेवढ्यात मामांनी पिस्त्याचा साचा शोधायला मटक्यात खोलवर हात घातला, आणि साच्यांमधून लाल दोरा बांधलेली पुडी वर आली. कडक, पांढरं दहिवर धरलेली. मामांनी ती परत आत खोचली.

वळणावरचं झाड मटक्यात होतं. अजून गोठलेलं होतं. आणि मागचं गिऱ्हाईक ज्या रीतीने आत डोकावत होतं, त्यावरून झाड तिथे फार वेळ राहणार नव्हतं.

मी तोंड उघडलं. आणि नेमकं त्याच क्षणी रावणावर बाण सोडायचा म्हणून ढोल थांबले, माइक थांबला, सगळं मैदान गप्प झालं.

"मामा, सोनं द्या!"

मला माहीत नव्हतं, की माझा आवाज एवढा मोठा आहे. रावणाच्या बाजूला धनुष्य घेऊन उभा असलेला रामसुद्धा मागे वळून बघू लागला.

मामांच्या हातातला साचा खाली पडला. "बोलली!" ते गाडीवर हात आपटून म्हणाले. "अरे, भैंशाची पोरगी बोलली! लेकरू होती तवापासून कुल्फी खाऊ घालून राह्यलो, आज पहिल्यांदा आवाज ऐकला!" बघता बघता सगळे माझ्याकडे बघू लागले. मग मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पण सोनं मांगत नसते, माय. सोनं देतात, तवा मिळते. आधी दे."

माझ्याकडे देण्यासारखं होतं काय? मी कुल्फ्या दातांत धरल्या, म्हणजे त्यांच्या काड्या, आणि डब्यातून म्हाताऱ्याच्या देवापुढचं काळं पान काढलं. वाकून मामांच्या पायाला हात लावला. कुल्फी त्यांच्या चपलेवर पडली. मी ते पान त्यांच्या हातावर ठेवलं.

मामांनी ते उजेडाकडे धरून बघितलं. "हे सोनं हाय का शिजलेली मेथी?"

"सोनंच आहे," मी काड्यांमधून म्हणाले. "थोडं नरम पडलं."

मामा एवढे हसले, की त्यांना गाडी धरावी लागली. मग त्यांनी मटक्यात हात घातला, लाल दोरावाली पुडी काढली, कपाळाला लावली आणि माझ्या डब्यात ठेवली. "हातात आली तवा गार होती. गार वस्तू बाहेर ठेवू नाई, म्हणून ठेवून देल्ली. आत सोनं हाय का आणखी काय, मी पाह्यलं नाई."

मागे रावण पेटला. पण आमच्या बाजूचे बरेच लोक त्याच्याकडे पाठ करून उभे होते, मामांचीच मजा बघत.

मी केंद्रावर पोचले तेव्हा मालक पेटीसमोर मांडी घालून बसले होते. तेलुगू गल्लीत सापडलेल्या सगळ्या पुड्या काळ्या पाण्याने ओल्या झाल्या होत्या. मी लाल दोरावाली पुडी झाकणावर आपटली. टक्क वाजली. ते म्हणाले, "आणखी एक बार वाजव." मी वाजवली. मग पेटीत ठेवली आणि त्यांच्याकडची किल्ली घेऊन माझ्या कमरेला खोचली.

मॅडम परत आल्यावर मीच सांगितलं. हळू आवाजात, पण सगळं. त्या स्टुलावर बसल्या. मग त्यांनी लाल दोरा सोडून पुडी उघडली, पान चिमट्याने उचलून खिडकीकडे धरलं. हिरवंगार, काचेसारखं कडक, एकही भोक नाही. त्यांनी पुन्हा बांधलं, पुन्हा ठेवलं, आणि मग विचारलं, "ये गुडघे वाली आजी कौन है?" आणि हसायला लागल्या. हसून झाल्यावर मात्र मालकांना चांगलं झापलं, तेलुगूत, त्यामुळे त्यांना अर्धंच लागलं. बाकीच्या पुड्यांची झाडं रानात जिवंत होती. ती पानं पुन्हा आणायला मॅडम निघाल्या तेव्हा शिडी मालकांच्या खांद्यावर होती, आणि ती सगळा हंगाम तिथेच राहिली.

एक दिवस मॅडम तापमानाची नळी घेऊन मामांच्या गाडीपाशी गेल्या. मामांनी त्यांना मटक्यात नळी घालताना बघितलं आणि म्हणाले, "काडीनं काय समजते, मॅडम? खाऊन पाहा." मॅडमनी नळी वाचली, भुवया वर केल्या आणि खाऊनही बघितली.

तेव्हा लाइट फार जायची, आणि जनरेटरला कधी डिझेल असे, कधी नसे. पेटी गरम व्हायला लागली की मॅडम माझ्याकडे बघायच्या. मी लाल दोरावाली पुडी निळ्या डब्यात घालून मामांकडे न्यायची. मामा मटक्यात जागा करून ठेवत. मात्र लाइट आल्यावर पुडी परत घ्यायला गेलं, की मुद्दाम हात कानामागे धरून उभे राहायचे. बोट दाखवलं की कुल्फी हातात द्यायचे. मोठ्याने मागितल्याशिवाय झाड मिळत नसे.

सासूबाईंचं म्हणणं मात्र बदललं नाही. दिवे गेले की आतूनच ओरडायच्या, "जाय वं, तुझं झाड मामाकडं ने. अन् येताना पेटीतलं आइस्क्रीम घेऊन येजो, आता त ते वितळूनच राह्यलं असंन."

मी म्हणायची, "पानं आहेत, आई."

आता हे मी चांगलं मोठ्याने म्हणायची. तरी त्यांना पटत नसे.